वहिवाटीच्या वर्षातले नारळ

१० ऑक्टोबर २०१९, गुरुवार

दसरा झाला. नवरात्र संपलं. नारळ संपले नाहीत.

स्वयंपाकघरात, जिन्याखाली, न्हाणीच्या बाहेर, जिकडे बघावं तिकडे वाट्या. झाशीची माणसं देवीला चुनरीत गुंडाळून नारळ आणतात, पुजाऱ्याने तो फोडायचा, अर्धी वाटी त्यांना परत द्यायची, अर्धी देवीपाशी ठेवायची. देवीपाशी ठेवलेली म्हणजे आमच्या घरात आलेली. टाकायची नाही, विकायची नाही. वाटून वाटून शेजारी आता मला बघितलं की दार लावून घेतात.

देवीची पूजा तीन घरांत फिरते. पाडवा ते पाडवा एका घराची वहिवाट, मग पुढच्या. यंदा आमची. गेल्या वेळी सासरे होते, ते बसायचे. आता म. बसतो. (नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. या वहीत म., आणि वहीतच एकेरी. घरात अहोजाहो.)

दिवसभर दवाखान्यात आहाराचा सल्ला द्यायचा, लोकांना सांगायचं, नारळ जपून. संध्याकाळी घरी येऊन नारळ खवायचा. थकले.

१३ ऑक्टोबर, रवि.

कोजागिरी. दुधात खोबरं, वड्या खोबऱ्याच्या, आमटीत खोबरं, कोबीत खोबरं. म.ने सगळं दोनदा घेतलं. चार वर्षांपूर्वी याच माणसाच्या हृदयात स्टेंट घातला, हे घरात फक्त मला आठवतं असं दिसतं.

मी म्हटलं, "अहो, बेताने."

"प्रसाद आहे."

"प्रसादात पण स्निग्ध पदार्थ असतोच ना."

काकी (म.ची काकू, पंच्याऐंशीच्या आसपास, कान तिखट) कोपऱ्यातून म्हणाली, "सुमन, देवीचं आहे गं ते. देवीचं बाधत नाही कुणाला." आणि वाटी पुढे केली. तिची स्वतःची प्रकृती ठणठणीत. वादच संपला.

१९ ऑक्टो., शनि.

गच्चीवर खोबरं वाळतंय. पूर्वीपासूनची रीत आहे, उरलेलं वाळवायचं आणि कोल्हूवर, म्हणजे घाण्यावर, तेल काढून आणायचं. ते तेल देवीच्या दिव्याला, थोडं डोक्याला. सासूबाई माझ्या केसांना लावायच्या. तिथवर माझी काही तक्रार नव्हती.

आज बाळाभाऊ आले. म.चे चुलतभाऊ, पुढच्या वर्षीची वहिवाट त्यांची. बागेत सकाळी योगासनांचा वर्ग घेतात. खोबऱ्याच्या टोपल्या बघून म्हणाले, "दादा, हे सोनं आहे, सोनं. सकाळी निरण्या पोटी दोन चम्मच. नसा खुल जाती हैं. मी सहा महिन्यांपासून घेतोय."

मी म्हटलं, "भाऊजी, तुमची रक्ततपासणी कधी केलीत?"

"तपासणी कशाला करायची वहिनी, मला तर बरं वाटतंय!"

म. हसला. मला हसू आलं नाही.

२३ ऑक्टो., बुध.

तेल आलं. पितळी चरवी भरून. वास मात्र सुरेख, खोटं कशाला बोलू.

म.ने चरवी देवीपुढे ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि मग दोन चमचे प्यायला. तीर्थ घेतात तसं, तळहातावर. आता हे तेल राहिलंच नाही. तेलाशी मी भांडले असते.

तरी भांडलेच. म्हटलं, खोबऱ्यातलं तेल गोठतं ते बघा थंडीत, तुपासारखं. त्यातली चरबी त्याच जातीची. वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, हे मी माझ्या मनचं सांगत नाही.

म. शांतपणे म्हणाला, "तुमचं शास्त्र दर दहा वर्षांनी फिरतं. आधी तूप सोडा, वनस्पती खा. मग वनस्पती विष. अंडं वाईट, मग अंडं चांगलं. देवी नाही फिरत."

फिरलं आहे खरं. पुढचं कळलं की मागचं सोडावं लागतं, त्यालाच शिकणं म्हणतात, असं दवाखान्यात मी छान समजावते. घरात आवाज चढतो आणि सगळंच बिघडतं.

निखिलला इंदूरला फोन केला. पोरगा म्हणाला, "आई, तू डायटीशियन आहेस, तूच समझाव ना. मेरी कहाँ सुनते हैं." मराठी कळतं सगळं, बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरतो.

३१ ऑक्टो., गुरु.

दिवाळी आली आणि गेली. सिविल लाइंसमधला दवाखाना आजपासून पुन्हा. दिवाळीनंतरची गर्दी, सगळे खाऊन आलेले, सगळे तोंड लपवणारे.

बबीन्याच्या लष्करी छावणीतून एका सुभेदाराची बायको आली होती. रत्नागिरीकडची. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून त्याच्या बढतीची तपासणी अडकली आहे. मराठी बोलणारं माणूस दिसल्यावर तिने बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. सासू म्हणते सगळं तुझ्या नारळाने झालं. "मॅडम, आमच्याकडे जन्म गेला नारळात. माझे आजोबा नव्वदीपर्यंत माडावर चढत होते."

हे आजोबा मला रोज कुणीतरी सांगतं. कोकणातले, केरळातले, कुणाचे इथल्याच मोठ गावचे, रोज पावशेर तूप पिणारे. सगळे नव्वदीचे. जे पन्नाशीत गेले त्यांचं नाव कुणी काढत नाही.

तिला विचारलं, आजोबा बरोबर काय खायचे? भात, मासे, कुळीथ. चालायचे किती? दिवसभर. आणि सुभेदारसाहेब? नारळाच्या आमटीवर सकाळी कचोरी, दुपारी मेसचं तळलेलं, रात्री पराठा. मग एकट्या नारळाला का फासावर द्यायचं? नारळ कमी करा, अगदी सोडू नका, पण त्याच्या जागी समोसा येणार असेल तर काही मिळवलं नाही. सासूबाईंना माझ्याकडे घेऊन या.

ती रडली. माझं इतकं ऐकून घेणारं बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं, म्हणून मलाही भरून आलं. वेडेपणा सगळा.

८ नोव्हें., शुक्र.

म.ला घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे. नेहमीची तपासणी.

"पंडितजी, तेल-घी कितना चल रहा है?"

"नाममात्र, डॉक्टर साहब. घर में मैडम हैं न."

मी म्हटलं, "आणि सकाळचं खोबरेल?"

म.ने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची चोरी उघडी पाडली. मग डॉक्टरांना म्हणाला, "वो तेल थोड़े ही है. वो तो माई का प्रसाद है."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्यातलं सर्वांत वाईट. त्याच्या मनात ते खरंच तेलात धरलेलं नाही.

आणि डॉक्टर! इतके शिकलेले. नवरात्रात अष्टमीला बायकोमुलांसह याच देवळात आले होते, याच माणसाने त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं होतं. खाली बघून म्हणाले, "प्रसाद तो... बस थोड़ा कम कर लीजिए." आणि माझी नजर टाळून रक्ततपासणी लिहून दिली.



१५ नोव्हें., शुक्र.

रिपोर्ट आला. चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वर. वाईट खूप वर. फारच.

म.ने चांगल्यावर बोट ठेवलं. तासाभरात बाळाभाऊंना फोन, काकीला बातमी, निखिलला फोटो. "बघ, गुड वाढलं! तेलाने वाढलं!" बाळाभाऊ पेढे घेऊन आले. कोलेस्टेरॉल वाढल्याचे पेढे. हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

खोबऱ्याच्या तेलाने चांगलं वाढतंच थोडं. हे मला माहीत आहे आणि म्हणून मला खोटंही म्हणता येत नाही. पण सोबत वाईट वाढतं, आणि स्टेंटवाल्या माणसाला त्या वाईटाचीच भीती. हे वाक्य मी आज घरात तीन तऱ्हांनी म्हटलं. कुणी पेढा खाली ठेवला नाही.

एक गोष्ट मात्र मनात टोचतेय. आकडा फार मोठा आहे. तीन आठवडे दोन चमचे तेलाने एवढं होत नाही. नवरात्रातलं सगळं खोबरं धरलं तरी नाही. काहीतरी दुसरं आहे.

२६ नोव्हें., मंगळ.

दुसरं सापडलं.

औषधाच्या दुकानात काकीचं मलम आणायला गेले होते. दुकानदाराला सहज विचारलं, यांची रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी किती राहिली असेल, आणून ठेवते. म्हणाला, "वो तो पंडितजी होली के बाद से ले ही नहीं गए, भाभीजी. हमने सोचा आप दूसरी जगह से मँगा रहीं होंगी."

होळीनंतर. म्हणजे पाडव्यापासून. म्हणजे वहिवाट सुरू झाली तेव्हापासून. तेल तर आत्ता दिवाळीच्या तोंडावर आलं. मी महिनाभर चरवीशी भांडतेय आणि मूळ काही वेगळंच आहे.

घरी येऊन विचारलं. "गोळी घेताय ना?"

"हो."

पहिल्यांदाच खोटं बोलला माझ्याशी. निदान मला कळलेलं पहिलं. जेवण वाढलं.

३० नोव्हें.

तो तेल पितो, मी बघते. काकी म्हणते घरात काय झालंय, एवढी शांतता बरी नव्हे.

८ डिसें., रवि.

आज सगळं बाहेर पडलं.

सुट्टी होती म्हणून फुलं घेऊन मीच देवळात गेले. थंडी, धुकं, गल्लीत कुणी नाही. म. पाटावर मांडी घालून बसला होता, ताठ, अभिषेक चाललेला. आणि मला एकदम आठवलं, मागच्या माघात घरची पूजा सुद्धा तो स्टुलावर बसून करायचा. उठताना भिंत धरायचा. मी म्हणायचे, चालायला जात नाही ना, म्हणून.

पूजा होईपर्यंत थांबले. मग विचारलं, "मांडी घालता येते आता तुम्हाला?"

त्याने ताम्हन पुसून जागेवर ठेवलं.

मग म्हणाला, "त्या गोळीने मांड्या धरायच्या. आतून. पाटावर बसलो की उठता यायचं नाही. आपल्यात खुर्चीवर बसून पूजा चालत नाही, तुला माहीत आहे. बसता आलं नाही तर वहिवाट बाळाकडे जाते. बाबांनी मरेपर्यंत केली. मी एक वर्ष पण नको का करू?"

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, व्यायाम करा."

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते. रोज दुखणाऱ्या मांड्या घेऊन लोक माझ्यापुढे बसतात, त्यांना मी विचारते, कुठली गोळी चालू आहे? नवऱ्याला विचारलं नाही.

"आणि तेल?"

"गोळी सोडली याची भीती वाटत होती. बाळाने तेलाचं सांगितलं तेव्हा वाटलं, देवीच सोय करतेय."

राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या शेजारी पायरीवर बसले. दगड गारठलेला. तो एकटाच घाबरत होता एवढे महिने, माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपून. मला फार वाईट वाटलं.

१२ डिसें., गुरु.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, होतं काहींना असं, दुसरी गोळी आहे, कमी मात्रेत, एक दिवसाआड घेऊन बघू, नाही सोसली तर आणखी एक उपाय आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!

म.चं उत्तर: "पाडव्यानंतर."

"पाडवा मार्चअखेर आहे."

"म्हणून काय झालं. आजवर काही झालं का?"

तेल मात्र आपणहून बंद केलं. म्हणाला, "तेवढं तुझं." जणू सौदा चाललाय बाजारात. चरवी दिव्याच्या कोनाड्यात गेली. थंडीने तेल गोठून पांढरं झालंय. त्याने बघितलं, मी बघितलं.

२२ डिसें., रवि.

विहिरीवरून देवीच्या स्नानाची कळशी आणताना पायऱ्यांवर थांबला. छातीवर हात. मी वर उभी होते. "गॅस आहे," म्हणाला. ओठ पांढरे. कळशी खाली ठेवली नाही मात्र, सोवळ्यातली होती.

रिक्षा. दवाखाना. ईसीजी. डॉक्टर म्हणाले, आज धोका टळला, पण ग्वाल्हेरला जाऊन अँजिओग्राफी करा, पुढे ढकलू नका. या वेळी त्यांनी माझी नजर टाळली नाही.

नवी गोळी सुरू झाली, एक दिवसाआड. माझ्यासमोर घेतो. तिने मांड्या दुखतील का, अजून सांगता येत नाही.

२३ डिसें., सोम.

ग्वाल्हेर माझं माहेर. बहीण तिथेच आहे, इस्पितळ तिच्या घरापासून जवळ. मी रात्रीत बॅग भरली असती.

म. म्हणतो, "पूजेला कोण?"

वहिवाटीची रीत अशी की मध्येच सोडली तर राहिलेलं वर्ष पुढच्या घराला, आणि पुढची खेपही गेली. घरातल्या घरात कुणी बसलं तर चालतं. निखिलला एक आरती धड येत नाही. बाळाभाऊ बसतील, आनंदाने बसतील, पण मग ती त्यांची झाली.

मी म्हटलं, "जाऊ द्या ना ती वहिवाट. जिवापेक्षा मोठी आहे?"

बोलून गेले आणि त्याचा चेहरा बघवेना. बापाच्या पाटावरून कुणी उठवलं असावं असा.

२८ डिसें., शनि.

पाच दिवस तोच विषय. निखिल आला आहे रजा घेऊन. बाळाभाऊही येऊन गेले, म्हणाले, "दादा, मैं कुछ नहीं माँगता, तुम जाओ." चांगला माणूस आहे, तेल सोडलं तर. पण काकी म्हणाली रीत ती रीत, एकदा वाकवली की पोरं सगळीच मोडतील.

संध्याकाळी म. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बसलीस तर जातो."

आधी कळलंच नाही.

"तू. पाटावर. तू घरातलीच ना. पूजा तुला येते, ऐकून ऐकून पाठ आहे, झोपेत पुटपुटतेस. तू बस, मी निखिलबरोबर जाऊन येतो."

या घरात बाई देवीच्या पाटावर कधी बसलेली नाही. देवी बाई असून. मी काकीकडे बघितलं. वाटलं ती मोडता घालेल आणि मी सुटेन. काकीने मला वरून खाली न्याहाळलं. म्हणाली, "वय उलटलंय तिचं, अडचण कसली? आवाज तेवढा बसका आहे."

म्हणजे ठरलं. म्हणजे तो अँजिओग्राफीच्या खोलीत आत जाईल तेव्हा मी दाराबाहेर नसेन. स्टेंटच्या वेळी मी बाहेर होते. आत नेताना स्ट्रेचर वळेपर्यंत त्याने माझा हात धरून ठेवला होता. या वेळी तो जावा म्हणून मला इथे राहायचं आहे. हा कसला न्याय, देवी?

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२ जाने. २०२०, गुरु.

बाळाभाऊ रोज सकाळी येऊन शिकवतात. आधी काय, मग काय, हात कुठला. चुकले तर "चलता है वहिनी" म्हणतात. माझ्याच मांड्या धरल्या आहेत आता. म. बघतो आणि मिशीत हसतो. "व्यायाम कर," म्हणाला.

पुष्कळ दिवसांनी दोघं हसलो.

दवाखान्यात रजा टाकली. कारण विचारलं तर काय सांगायचं? देवीची ड्यूटी, म्हटलं.

५ जाने., रवि.

गेले. स्टेशनवर गाडी धुक्याने उशिरा. म.ने शाल घट्ट लपेटलेली, हातात देवीच्या अंगाऱ्याची पुडी. डब्यात चढताना वळून म्हणाला, "नैवेद्य बाराच्या आधी नको." बाकी काही नाही. इतक्या वर्षांत त्याला बोलता आलं नाही, स्टेशनवर कसं येणार?

निखिल म्हणाला, "आई, टेन्शन मत ले. मैं हूँ न." पहिल्यांदाच तो मला मोठा वाटला.

मंगळवारी सकाळी आत नेणार.

७ जाने., मंगळ.

देवळातच लिहितेय. फुलांच्या परडीखाली वही, फोन त्याच्या शेजारी, सोवळं म्हणून पदराच्या टोकाने उचलते.

पहाटे अभिषेक झाला. दूध पाटावर सांडलं. मंत्र कुठे विसरले नाही. आवाज बसका तो बसकाच.

मंगळवार, त्यामुळे दिवस उजाडताच लोक. पाटावर बाई बघून काहीजण दारातच थबकले, मग आले. नारळ, नारळ, नारळ. फोडायचा, अर्धी वाटी परत, अर्धी देवीपाशी. तुकडे करून हातावर ठेवायचे. हे हात इतकी वर्षं फक्त नको म्हणायला उठत होते.

निखिलचा मेसेज आला: आत नेलं. हसत गेले.

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. तिने मला ओळखलं, मला ती ओळखू येईना. दवाखान्यात येऊन गेलेली असणार. माझ्या हातातला खोबऱ्याचा तुकडा बघत बुंदेलीत म्हणाली,

"मैडम, आपई ने तौ हमाओ नारियल बंद करो तो. अब आपई दै रईं. खा लएँ?"

मीच बंद केलेला नारळ आता मीच देत होते; मागच्या दोघीतिघी हसल्या. उत्तर माझं तोंडपाठ आहे. किती, कसं, कशाऐवजी. तुकडा तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, "खा लीजिए. एक टुकड़ा."

तिने तोंडात टाकला, चघळत चघळत विचारलं, "पंडितजी नईं दिख रए आज?"

"ग्वालियर गए हैं. दिल की जाँच है."

मला वाटलं मी नीट बोलले. नसेन बोलले. तिने माझ्याकडे बघितलं, हातातली स्वतःची अर्धी वाटी, जी मी नुकती परत दिली होती, ती पुन्हा माझ्यापुढे धरली.

"जा हमाई तरफ से. पंडितजी के नाम की चढ़ा देओ."

तिच्यातर्फे, पंडितजींच्या नावाने वाहायची म्हणून मी घेतली. देवीच्या पायाशी ठेवली. जे मी त्याच्या पानातून रोज काढून घ्यायला बघत होते, ते त्याच्याच नावाने, माझ्या हाताने. आणि मनापासून ठेवलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून पुसलं नाही.

नैवेद्याला अजून अवकाश आहे. तोपर्यंत पाटावरून उठायचं नाही. फोन वाजला नाही. मला तिथे त्या दाराबाहेर असायचं होतं.

रांगेतला पुढचा माणूस नारळ घेऊन उभा आहे.